स्मोकरसाठी लाकूड घेताय? या चुका टाळा

मटण ताजं असतं, मसाला रात्रभर मुरलेला असतो, स्मोकरचं, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस मंद शिजवायच्या पेटीचं, तापमान 110 ते 120 अंशांवर तासन्‌तास धरलेलं असतं, आणि तरी पहिला घास कडू लागतो. अशा वेळी मसाल्याला किंवा मांसाला बोल लावण्याआधी लाकडाकडे बघा. खोट बहुतेकदा तिथेच निघते आणि ती लाकूड विकत घेतानाच पदरात पडलेली असते.

हिकरी, ॲपल, मेस्क्वीट ही धुरासाठीच्या लाकडांची नावं अमेरिकन व्हिडिओंमुळे आपल्या ओळखीची झाली आहेत. त्यामुळे नवा माणूस सरळ ऑनलाइन जातो आणि आयात केलेल्या छोट्याशा पिशवीला भरपूर पैसे मोजतो. ते लाकूड वाईट नसतं, पण महाराष्ट्रात राहणाऱ्याला त्याची गरज नाही. पेरू, चिकू, चिंच, बाभूळ यांचा धूर उत्तम असतो. फक्त विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारल्याशिवाय लाकूड घ्यायचं नाही: झाड कोणतं, ते कुठे उभं होतं आणि कधी तोडलं.

चुकीच्या दुकानात जाणं

लाकूड हवं म्हटल्यावर पुण्यात माणूस भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठतो, मुंबईत रे रोड. तिथे मिळतं ते इमारती लाकूड: सागवान, सालवृक्ष, परदेशी पाइन. सागवानात तेल असतं आणि पाइनमध्ये राळ, म्हणून दोन्ही मांसाला चालत नाहीत. आपल्याला जायचंय जळाऊ लाकडाच्या वखारीत.

सुताराकडचे तुकडे फुकट मिळतात म्हणून आणू नका. त्यात प्लायवूड आणि एमडीएफ मिसळलेलं असतं, आणि त्यांच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. भुसा तर नकोच, तो कशाकशाचा आहे हे सुतारालाही सांगता येणार नाही. बेकरीच्या भट्टीसाठी येणाऱ्या लाकडाचंही तेच. शहरांत त्यात पाडलेल्या घरांच्या चौकटी आणि जुनं फर्निचर असतं, म्हणजे रंग, पॉलिश, वाळवीचं औषध हे सगळं आलंच.

कारखान्यांबाहेर ढिगाने पडलेल्या पॅलेट्सवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटींवर, एचटी असा शिक्का असतो आणि तो बघून लोक निर्धास्त होतात. त्याचा अर्थ एवढाच की कीड मारण्यासाठी लाकूड तापवलंय. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. पण एचटीवालं पॅलेटही बहुधा पाइनचंच असतं, आणि त्यावर प्रवासात काय सांडलं हे शिक्का सांगत नाही.

नावावर विसंबणं

सिल्व्हर ओक नाव ऐकून ओक समजू नका. नेच्यासारख्या पानांचं हे उंच झाड मूळ ऑस्ट्रेलियाचं, त्याचा खऱ्या ओकशी काही संबंध नाही. त्यातल्या द्रव्यांनी काहींच्या कातडीवर पुरळही उठतं. सफरचंदाच्या लाकडी खोक्यांचा मोहही टाळा. त्यात सफरचंदं आली असतील, पण खोकं सफरचंदाच्या लाकडाचं नसतं.

नावामुळे उलटी फसगतही होते, आणि ती मला जास्त खटकते. ज्या मेस्क्वीटसाठी लोक पैसे ओततात, तिची सख्खी बहीण आपल्याकडे माळरानावर आणि कालव्यांच्या कडेने माजलेली आहे: विलायती बाभूळ. दोन्ही प्रोसोपिस या एकाच वंशातल्या. टेक्ससची मेस्क्वीट म्हणजे प्रोसोपिस ग्लँड्युलोसा, आपली विलायती बाभूळ म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. एकोणिसाव्या शतकात ही अमेरिका खंडातून भारतात आणली गेली आणि मग हाताबाहेर गेली. कच्छमध्ये आणि तमिळनाडूतल्या रामनाथपुरमकडे तिचा कोळसा पाडतात. मटणाच्या मांडीला किंवा बोकडाच्या बरगड्यांना या लाकडाचा धूर झकास बसतो. चिकनला मात्र हात आखडता ठेवा. धूर उग्र असतो, एखाद्या तुकड्यावर थांबा.

देशी बाभूळ वेगळी. तिची आच कडक, निखारा बराच वेळ टिकतो, म्हणून वखारीत तिला मान. पण वखारवाला दोन्हींना नुसतं बाभूळच म्हणतो. खात्री करायची तर फांदीला शेंगा आहेत का बघा. देशीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, दाण्यादाण्यामध्ये आवळलेली. विलायतीची शेंग पिवळसर, गरदार आणि जवळजवळ सरळ.

बागेचा इतिहास न विचारणं

सौम्य, गोडसर धूर हवा असेल तर फळबाग गाठा. राहात्याकडे पेरू, डहाणू-घोलवडला चिकू. जुनी बाग काढली जाते तेव्हा जाड खोडं मिळतात आणि शेतकऱ्यालाही सरपणापेक्षा दोन पैसे जास्त सुटतात. मासे आणि चिकनसाठी माझी पहिली पसंती पेरूला. चिकूचं लाकूड घट्ट आणि जड, फोडताना घाम काढतं, पण तुकडा हळूहळू जळतो.

फवारणी शेवटची कधी झाली, हे विचाराच. द्राक्षाच्या बाबतीत तर मी आणखी सावध असतो. नाशिक-सांगलीकडे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग पडतात आणि परदेशी पाककृतींत द्राक्षवेलीच्या धुराचं कौतुक असतं. पण आपल्या बागांवर मोरचूद-चुन्याच्या बोर्डोपासून पुढे बरंच काही फवारलं जातं, आणि ते या बारीक काड्यांच्या सालीवरच बसतं. बाग सेंद्रिय आहे हे स्वतः माहीत असल्याशिवाय त्या काड्या घेऊ नका.

आंब्याचं लाकूड चालतं, पण पूर्ण वाळलेलं आणि साल काढलेलं. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, आणि चिकाचा त्रास या कुळातच आहे. काजू मी वापरत नाही, बिब्ब्याच्या वाटेला कोणीच जाऊ नये. कण्हेर, शेर, निवडुंग विषारी आहेत, त्यांची काडीसुद्धा विस्तवात जाता कामा नये. कडुलिंब कडू, निलगिरी तेलकट. रस्त्याकडेच्या झाडाचा बुंधा मिळाला तर गेरू-चुन्याचे पट्टे आणि जाहिरातींचे खिळे बघा. तो भाग कापून टाका.

आणि झाड परस्पर तोडून आणू नका. राज्याच्या 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर आहेत. शहरी भागाला 1975चा वेगळा कायदा लागू आहे. वखारवाल्याला माल कुठून आला हे विचारायला लाजू नका, चोख धंदा करणारा उत्तर देतो.

ओलं लाकूड तोलून घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण लाकूड किलोवर मिळतं. ताज्या तोडीच्या लाकडात पाणी इतकं असतं की सुक्या लाकडाच्या निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच भरतं. आपल्याला हवा ओलावा 15 ते 20 टक्के.

वखारीत ढिगाच्या वरचं लाकूड नेहमीच सुकं दिसतं. आतला ओंडका ओढून काढा. टोकाला गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या चिरा हव्यात, साल नखाने सुटायला हवी. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेलं लाकूड खणखणतं, ओलं थप्प वाजतं. मग म्हणा, “मामा, हा एक फोडून दाखवा.” फुटलेल्या ताज्या बाजूवर तळहात ठेवा. गार, दमट लागली तर लाकूड अजून काही महिने मागे आहे. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर त्याच्या सुया याच बाजूला टोचा, बाहेरच्या सालीवर आकडा खोटा येतो. काळी-हिरवी बुरशी किंवा भोकांतून गळणारा पिठासारखा भुगा दिसला तर तो ढीग सोडा. खरेदी मार्च ते मेमध्ये उरकून घ्या. पावसाळ्यात वखारीतलं चांगलं लाकूडही ओलावा धरतं.

तुकडे मुठीएवढे करून मागा. बारीक ढलप्या काही मिनिटांत जळून जातात. दोन किलोच्या मटणाला असे तीन-चार तुकडे पुष्कळ, बाकी आच कोळशाची.

घरी आणल्यावर बिघडलं तर

मांस कडू आणि वर काळा चिकट थर: धूर दाट पांढरा होता. लाकूड ओलं असेल किंवा हवेची झडप फार बंद असेल. तुकडा नीट पेटू द्या, धूर विरळ निळसर झाला की मगच मांस आत ठेवा.

धूर येतो पण वासच नाही: लाकूड फार जुनं किंवा आतून कुजलेलं. फोडून हुंगा, निरोगी पेरूला फोडल्यावर स्वतःचा मंद वास येतो.

तुकडा भसकन पेट घेतो: तो फार लहान आहे किंवा हवा जास्त आहे. यावर लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. पाणी वरच्या दोन-चार मिलिमीटरपलीकडे शिरत नाही. आधी नुसती वाफ निघते, मग व्हायचं तेच होतं. झडप कमी करा, तुकडा मोठा घ्या.

पहिल्यांदा ठीक, ऑगस्टमध्ये आंबूस: साठवण चुकली. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेलं लाकूड घाम धरतं. गोणपाटात भरा, गॅलरीच्या फरशीपासून दोन विटा वर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि वापरायच्या आदल्या दिवशी लागतील तेवढे तुकडे उन्हात टाका. ऊन नसेल तर कोळसे पेटत असताना ते शेजारी शेकत ठेवा.