जेड प्लांट सडतंय? या चुका टाळा

जेड तहानेनं क्वचितच मरतं. ते मरतं पाण्यानं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा पावसाळ्यात. मूळ दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं हे झाड पानांत पाणी साठवतं. ते उडून जाऊ नये म्हणून पानांवरची रंध्रंसुद्धा मुख्यतः रात्रीच उघडतं. ‘रविवार आला, पाणी घाला’ हा नेम त्याला कसा मानवणार?

आधी घरात आहे ते नेमकं कोणतं झाड, हे बघा. लहान गोल पानं आणि तांबूस काड्या असलेलं जे जेड आपल्या नर्सऱ्यांमध्ये सर्रास मिळतं, ते पोर्टुलाकेरिया आफ्रा. मोठ्या, जाड, चकचकीत पानांचं ते खरं जेड, म्हणजे क्रासुला ओवाटा. दोघांची निगा जवळपास सारखीच. पण घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर फरक कळायला हवा. क्रासुला त्यांना बाधतं. पोर्टुलाकेरिया तर आफ्रिकेत हत्तींचं खाणं आहे.

सगळ्यात जास्त झाडं एका गैरसमजापायी जातात. पानं सुरकुतली की आपण पाणी घालतो. तहानेनं पानं सुरकुततात हे खरं, पण मुळं कुजली तरीही सुरकुततात, कारण कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. तेव्हा आधी माती तपासा. अगरबत्तीची जुनी काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. कोरडी आली तर झाड तहानलंय. पाणी घाला, दोन-चार दिवसांत पानं टवटवीत होतील. काडीला ओली माती चिकटली आणि तरी पानं मऊ किंवा पिवळट, पाणी भरल्यासारखी पारदर्शक दिसत असतील, तर पाणी थांबवा आणि झाड कुंडीतून उपटा. चांगली मुळं पांढरट आणि घट्ट असतात, कुजलेली काळपट आणि लिबलिबीत. कुजकं सगळं छाटा. खोडही तपकिरी झालं असेल तर स्वच्छ ब्लेडनं खालून वरच्या दिशेनं कापत जा, काप आतून पूर्ण निर्मळ दिसेपर्यंत. उरलेली फांदी चार-पाच दिवस सावलीत वाळू द्या, मग कोरड्या मिश्रणात खोचा. पहिलं पाणी आठवड्यानं. इथे घाई केली तर कापलेली जागा पुन्हा सडते.

मिश्रण कसलं? नर्सरीतून झाड येतं ते चिकट लाल मातीच्या गोळ्यात, नाहीतर निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. दोन्ही वाईट. कोकोपीट ओलं झालं की बराच काळ ओलंच राहतं. एक भाग माती-कंपोस्ट आणि दोन भाग जाड वाळू, बारीक खडी किंवा विटांचे तुकडे घ्या. तुकडे चाळून घ्या, भुकटी नको. कुंडी मातीची, लहान आणि तळाला भोक असलेली. काचेच्या वाडग्यात तळाशी खडे घालून निचरा होत नाही. पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडून राहतं आणि मुळं नेमकी तिथेच असतात. भेट म्हणून येणारे ते वाडगे दिसतात सुंदर, पण त्यातलं झाड लगेच दुसरीकडे हलवावं.

कोकण-मुंबईकडे जूनच्या आधीच कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला घ्या. तिरपा पाऊस छज्जाला जुमानत नाही. पुढे सप्टेंबरपर्यंत पानं किंचित सैलावल्याशिवाय पाणी नको.

धनलाभासाठी दाराजवळच्या अंधारात ठेवलेलं जेड उंच, काटकुळं होतं. नंतर उजेड दिला तरी लांबलेलं खोड आखूड होत नाही. शेंडा छाटून नवं झाडच लावायचं. मात्र सावलीतलं झाड एप्रिलच्या उन्हात एकदम ठेवू नका, पानं भाजतात. आधी सकाळचं कोवळं ऊन द्या.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन एकेक टिपा. कडुनिंबाचं तेल फवारायचं तर संध्याकाळी, कारण उन्हात त्यानं पानं करपतात. पुन्हा पुन्हा दिसत असतील तर मुळांशीही पाहा. तिथेही असतील तर मुळं धुवा, वाळवा आणि झाड नव्या मिश्रणात लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत ओतू नका.