तपोवन ते नंदनवन: हिमनदी ओलांडताना

सातपूरच्या कारखान्यातली पहिली पाळी उरकून अंजनेरीला दोर लावायला येणारी पोरं मला विचारतात, "काका, भागीरथी-२ ला काय तयारी लागते?" उत्तराखंडात गंगोत्रीच्या वरचं हे शिखर ६५१२ मीटरचं, त्याचं नंतर बघू. आधी त्याच्या पायथ्याशी नंदनवनच्या तळावर पोचा.

तपोवनहून (नाशिकचं नव्हे, गोमुखाच्या वरचं पठार) नंदनवनला जाताना गंगोत्री हिमनदी आडवी येते. इथे पांढरा बर्फ शोधू नका. वर सगळा दगडधोंड्यांचा घसारा, खाली टणक बर्फ. आणि हे सगळं सरकतं. त्यामुळे गेल्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक उपयोगाचा नाही. त्याच आठवड्यात वरून उतरलेला पोर्टर भोजबासात (गंगोत्री-गोमुख वाटेवरचा मुक्काम) गाठा, चहा पाजा आणि वाट नीट विचारून घ्या.

उजाडताच निघा. रात्रीच्या थंडीने दगड बर्फात घट्ट धरलेले असतात. ऊन चढलं की सुटतात आणि ओढ्यांचं पाणीही वाढतं. हेल्मेट सॅकला लटकवायचं नाही, डोक्यावर घालायचं. बर्फाच्या उभ्या भिंतीखाली थांबून फोटो तर अजिबात नको.

उघड्या हिमनदीवर भेगा दिसतात, वळसा घालता येतो. दगडांवरून दोर ओढत नेलात तर तो पुढच्याच्या अंगावर दगड पाडेल. खरी भीती वरच्या भागात, ताज्या बर्फाने भेग झाकली की. तिथे दोर बांधायचाच. तिघे असाल तर दोघांत दहा-बारा मीटर अंतर, दोर जेमतेम ताणलेला, हातात वेटोळी नकोत. भेग काटकोनात ओलांडा. तिच्या कडेने सगळे एका रांगेत चाललात तर एकाच वेळी सगळे आत.

सराव इथेच करा. हरिहरच्या पायऱ्यांनी दम वाढेल, पण भेगेतून वर येणं शिकायचं तर झाडाच्या फांदीला दोर बांधून लटका आणि सॅक, हातमोजे घालून प्रुसिकने (वजन पडलं की दोर आवळणारी बारीक दोरीची गाठ) चढा. पहिल्यांदा तासभर शिव्याच येतात. उंचीची सवय मात्र नाशकात होत नाही. कळसूबाईच १६४६ मीटर. गंगोत्री आणि भोजबासाला मुक्काम वाढवा.

शिखराची परवानगी आयएमएफकडून (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन), गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाची वनखात्याकडून. दोन्ही आधीच काढा.

परतताना दुपार कलली असेल तर नंदनवनलाच तंबू ठोका. जीप उत्तरकाशीला थांबली असली तरी.