वर्ड अडखळतंय? ऑफिस काढण्याआधी अ‍ॅड-इनची झडती घ्या

वर्ड उघडायला मिनिटभर लागतं, टाइप करताना अक्षरं मागे पडतात, बंद करताना दर वेळी ‘नॉर्मल टेम्प्लेट बदललंय, सेव्ह करू का?’ असा प्रश्न येतो. अशा वेळी बरेच जण वैतागून ऑफिस काढतात आणि पुन्हा टाकतात. तासभर जातो, दुखणं तसंच राहतं. दोष बऱ्याचदा अ‍ॅड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रॅमचा, असतो आणि ऑफिस काढून तो जात नाही. कारण साधं आहे: नॉर्मल टेम्प्लेट (नव्या फाइलचा मूळ साचा), स्टार्टअप फोल्डर (यातल्या फाइली वर्डबरोबरच उघडतात) आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, बऱ्याच नोंदी तुमच्या यूझर खात्यात असतात. ऑफिस गेलं तरी त्या सहसा जागच्या हलत नाहीत.

पुढची कृती विंडोजवरच्या वर्ड 2016 आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहे.

आधी दोष अ‍ॅड-इनचाच आहे का, ते ठरवा. वर्ड आणि आउटलुक बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये वर्ड मागे जिवंत राहिलेलं नाही ना, तेही बघा. मग कंट्रोल कळ दाबून ठेवून वर्ड सुरू करा आणि सेफ मोडबद्दल विचारलं की ‘येस’ म्हणा. सेफ मोडमध्येही तोच त्रास झाला तर अ‍ॅड-इनला दोष देऊ नका. ती फाइल बिघडलेली असेल किंवा डीफॉल्ट प्रिंटरचा ड्रायव्हर अडकत असेल. पानाच्या मांडणीसाठी वर्ड प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारत असतं, त्यामुळे बंद पडलेला नेटवर्क प्रिंटरही वर्डला लटकवू शकतो. डीफॉल्ट म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून बघा.

सेफ मोडमध्ये वर्ड सुरळीत चाललं, तर झडती सुरू. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स असं जा. तळाशी ‘मॅनेज’समोर ‘कॉम अ‍ॅड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा. अ‍ॅक्रोबॅटचं पीडीएफमेकर, संदर्भसूचीचं एंडनोट यांसारखी मंडळी इथे दिसतात. ‘रिमूव्ह’ला हात लावू नका, त्याने नोंदच जाते, फक्त टिक काढा. एकेक काढत बसण्यापेक्षा निम्म्या टिका काढा आणि वर्ड पुन्हा सुरू करा. त्रास थांबला तर गुन्हेगार काढलेल्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. आठ अ‍ॅड-इन असतील तर तीन फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. मात्र दोन अ‍ॅड-इनचं आपसात जमत नसेल, तर ही युक्ती फसते. मग जोड्या लावून बघण्यावाचून इलाज नाही.

टिक काढताना ‘एचकी लोकल मशीन’चा (HKEY_LOCAL_MACHINE) उल्लेख असलेला नकार आला, तर ते अ‍ॅड-इन त्या संगणकावरच्या सगळ्यांसाठी टाकलेलं आहे. वर्डच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि मग टिक काढा.

उलटा प्रकारही होतो: टिक लावली तरी पुढच्या वेळी गायब. त्याच खिडकीच्या तळाशी ‘लोड बिहेवियर’ची ओळ वाचा. तिथे रनटाइम एरर लिहिलेला असेल, तर पहिला संशय 32 आणि 64 बिटच्या गल्लतीवर. 64 बिट वर्ड 32 बिटचं कॉम अ‍ॅड-इन उचलतच नाही. तुमचं वर्ड कुठलं आहे ते फाइल, अकाउंट, ‘अबाउट वर्ड’मध्ये पहिल्याच ओळीत दिसतं. ऑफिस 2019 पासून डीफॉल्ट 64 बिट टाकलं जात असल्याने जुनी अ‍ॅड-इन इथे हमखास अडकतात. वर्डने स्वतःच बंद केलेलं अ‍ॅड-इन ‘मॅनेज’मधल्या ‘डिसेबल्ड आयटेम्स’मध्ये सापडतं.

आता सगळ्यात फसवी जागा: टेम्प्लेटच्या रूपात आलेली अ‍ॅड-इन. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं अ‍ॅड-इन याच जातीचं. ‘मॅनेज’मध्ये ‘टेम्प्लेट्स’ निवडून त्याची टिक काढली तर ते तेवढ्यापुरतं जातं. फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये असेल तर वर्ड पुन्हा उघडताच हजर. म्हणून वर्ड बंद करून फाइलच बाहेर, डेस्कटॉपवर, न्यायला हवी. फोल्डर कुठे आहे ते ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, अगदी तळाशी ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘स्टार्टअप’समोर दिसेल. पण तिथेच थांबू नका. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ऑफिसच्या फोल्डरात, ‘ऑफिस16’च्या आत आणखी एक स्टार्टअप फोल्डर असतो, आणि नेमका तोच बघायचा राहून जातो. ‘कंपाइल एरर इन हिडन मॉड्यूल’ असा संदेश येत असेल तर या दोन फोल्डरांपासूनच सुरुवात करा. त्यात मॉड्यूलचं नावही असतं, त्यावरून अ‍ॅड-इन ओळखता येतं. झोटेरोची फाइल खराब निघाली, तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट’ (Cite) या भागाखाली ‘वर्ड प्रोसेसर्स’मधून ती नव्याने बसवा.

स्टार्टअप फोल्डर स्वच्छ असूनही त्रास राहिला तर नॉर्मल टेम्प्लेट. अ‍ॅप डेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स या वाटेवर ते सापडतं. त्याचं नाव बदला, पुसू नका. वर्ड नवं कोरं टेम्प्लेट आपोआप बनवतं. पण तुमचे मॅक्रो (एका कळीवर चालणाऱ्या साठवलेल्या क्रिया), कीबोर्डचे शॉर्टकट आणि डीफॉल्ट म्हणून ठरवलेला मराठी फॉन्ट जुन्यातच राहतात. मॅक्रो आणि स्टाइल्स नंतर ‘ऑर्गनायझर’मधून नव्यात आणता येतात. फॉन्ट पुन्हा ठरवताना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यात ठरवा, वरच्या ‘लॅटिन’ रकान्यातला फॉन्ट देवनागरीला लागू होत नाही.

गुन्हेगार सापडला की आधी त्याची नवी आवृत्ती बघा. ती नसेल आणि अ‍ॅड-इनवाचून चालणारही नसेल, तर कॉम प्रकारातलं टिक काढून ठेवा, काम असेल तेव्हाच लावा. टेम्प्लेट प्रकारातलं स्टार्टअपऐवजी दुसऱ्या फोल्डरात ठेवा आणि लागेल त्या दिवशी ‘टेम्प्लेट्स’च्या खिडकीतून ‘अ‍ॅड’ करा.