पोराला फिट आली तर काय करायचं आणि नंतर औषध कसं सांभाळायचं

आपल्याकडं अजून फिट आली म्हटली की कोण कांदा फोडायला पळतंय, कोण चप्पल हुंगवतंय, कोण चमचा घेऊन दातखीळ उघडायला बसतंय. यातलं काहीच करू नका. पहिलं घड्याळ बघा, मग पोराला कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेलची घडी, गळ्याजवळचं बटन सैल, बास. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात पाणीसुद्धा नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. ५ मिनिटं उलटली, शुद्धीवर यायच्या आधीच दुसरी आली, श्वास नीट होईना किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली तर लगेच १०८. नाकात मारायचा स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर तो कधी मारायचा हे आज्जीलापण शिकवून ठेवा, कारण दुपारी घरात तीच असते. आणि एकानं व्हिडिओ काढा, डॉक्टरसमोर पोरगं ठणठणीतच बसलेलं असतंय.

खरी ट्रीटमेंट मात्र रोजच्या डोसात आहे. सिरपचा डोस वजनावर ठरतो, म्हणून दर व्हिजिटला वजन करून घ्या आणि घरातल्या चमच्यानं देऊ नका, मापाची सिरिंज वापरा. सहा महिने फिट नाही म्हणून औषध बंद करणारे लई बघितलेत, एकदम तोडलं की जोरात फिट येऊ शकते. साधारण दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टरच हळूहळू कमी करतात. देवाचा अंगारा लावायचाय तर लावा, पण गोळी चुकवून नको.

जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांनी पावसाळ्याआधी दोन-तीन आठवड्यांचं औषध जास्तीचं घरात ठेवावं, तिकडं पाऊस लागला की मेडिकलपर्यंत पोचायचे वांदे. आणि जागरण! बेळगावात विसर्जनाची मिरवणूक सकाळपर्यंत चालते, पोरगं रडलं तरी वेळेत झोपवा, झोपमोड झाली की फिटला आयतं निमित्त.

वर्गात मधेच काही सेकंद एकटक बघत थांबतंय, हाक मारली तर ओ देत नाही, ही पण फिट असू शकते, "लक्ष नाही" म्हणून मार खातंय बिचारं. तेव्हा सरांना-बाईंना आधीच सांगून ठेवा, लपवू नका. खेळायला, पळायला सोडा, फक्त विहिरीत नायतर नदीवर एकट्याला पोहायला नको, आणि न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका.