एचआयव्हीसह जगणाऱ्या आईचं बाळ: पहिल्या वर्षात त्याचं पोट कसं जपायचं

आई औषधं नियमित घेत असेल, तर बहुतेक बाळं एचआयव्हीमुक्त राहतात. तरीही या बाळांना जुलाब, न्यूमोनिया आणि कमी वाढीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे तपासणी निगेटिव्ह आली तरी काम संपत नाही, आणि त्यातलं बरंचसं काम बाळाच्या आतड्याशी निगडित आहे.

सुरुवात गरोदरपणातच, आईच्या गोळ्यांपासून होते. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रातून मिळणाऱ्या टीएलडी या एकत्रित गोळीतलं डोलुटेग्राविर हे औषध उपाशीपोटी लोह किंवा कॅल्शियमसोबत गेलं, तर ते नीट शोषलं जात नाही. टीएलडी जेवणासोबत घेतल्यास यांपैकी एका गोळीबरोबर चालते. उपाशीपोटी घ्यायचं तर या गोळ्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर. सोपं वेळापत्रक असं: कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लोहाची गोळी चार वाजता, टीएलडी रात्री दहाला. लोह आणि कॅल्शियम कधीच एकत्र घेऊ नका. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाची, तपासणीही वेळेवर करून घ्या. दुधातून विषाणू जाण्याचा धोका सर्वांत जास्त कमी होतो तो टीएलडीनेच, आहार तिची जागा घेऊ शकत नाही.

स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. दोन जादा भाकऱ्या, एक वाटी उसळ आणि शेंगदाण्याचा एक लाडू मिळून साधारण तेवढं होतं. दुधातल्या स्निग्धांशाचा प्रकार आणि ब जीवनसत्त्वांचं प्रमाण आईच्या ताटाप्रमाणे बदलतं, म्हणून डाळी, पालेभाज्या, अंडी, मासे यांना पथ्याच्या नावाखाली ताटाबाहेर काढू नका. न उकळलेलं दूध आणि कच्ची अंडी मात्र टाळा.

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्या, चीक पाजा. बाळाला एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून दिलं जाणारं नेविरापिन सिरप वजनानुसार ठरलेल्या मात्रेतच द्या. ते सहसा 6 आठवडे चालतं, जोखीम जास्त असेल तर डॉक्टर 12 आठवडे आणि जोडीला दुसरं औषधही देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचत नाहीत. त्या असतात बायफिडोबॅक्टेरिया या जिवाणूंसाठी. हे जिवाणू त्या खाऊन आम्ल तयार करतात, त्यामुळे रोगजंतूंना जम बसवता येत नाही आणि आतड्याचं अस्तर घट्ट राहतं. वरचं अन्न, पाणी किंवा गुटी गेली की या जिवाणूंचा तोल ढळू शकतो, अस्तराला सूज येऊ शकते आणि विषाणूला वाट सापडण्याची भीती असते. 2007 साली दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या अभ्यासात हे ठळकपणे दिसलं: दुधासोबत घन अन्न मिळालेल्या बाळांना संसर्गाचा धोका निव्वळ स्तनपानावरच्या बाळांच्या जवळजवळ 11 पट होता. तेव्हा मातांना आजच्यासारखी आजीवन एआरटी सरसकट मिळत नव्हती. आज धोका खूप कमी आहे, पण जुलाब टाळण्यासाठीही नियम तोच.

आपल्या घरांत नियम मोडतो तो बहुधा प्रेमापोटीच. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, बोटावरचा मध, ग्राइप वॉटर, उन्हाळ्यातलं चमचाभर पाणी. मधातून तर बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, म्हणून तो वर्षभर वर्ज्य. हे आजीला बाळंतपणाआधीच समजावून सांगा. एचआयव्हीचा उल्लेख करायची गरज नाही, हा नियम प्रत्येक बाळाचाच आहे. औषधाचे थेंब, लस आणि जुलाबात ओआरएस दिल्याने नियम मोडत नाही. आणि चुकून कुणी काही चाटवलंच, तर घाबरून दूध तोडू नका. तिथून पुढे पुन्हा फक्त दूध.

स्तनाग्राला भेग पडली किंवा स्तनात गाठ, सूज, पू झाला तर त्या बाजूने पाजणं थांबवा, दूध पिळून टाकून द्या, दुसऱ्या बाजूने पाजत राहा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज आली की दुधातला विषाणू वाढतो.

डबा-पावडर निवडायचीच असेल, तर ती पूर्णपणे, स्वच्छ पाणी आणि अखंड पुरवठा असेल तरच, आणि वाटी-चमच्याने. 2006 मध्ये बोट्स्वानात पूर आल्यावर जुलाबाची साथ पसरली. दगावलेल्या बाळांत डब्याच्या दुधावरची फार होती.

सहा आठवड्यांना, पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीच्या वेळीच, टाचेतल्या रक्ताची पहिली तपासणी होते आणि न्यूमोनियासारख्या संसर्गांपासून बचावासाठी को-ट्रायमोक्झॅझोल सुरू होतं. ते अँटिबायोटिक आहे, पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या काळजीने बंद करू नका. प्रोबायोटिकचे (चांगल्या जिवाणूंचे) थेंबही मनाने सुरू करू नका. रोटाव्हायरसची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना द्या.

सहा महिने पूर्ण झाले की दूध चालू ठेवून मऊ भात-वरण, तूप घातलेली नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं, मग अंडं द्या. दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून दिवसातून दोन-तीन वेळा अर्ध्या वाटीपर्यंत न्या. घट्ट ठेवा, पातळ पाण्याने पोट भरतं पण वजन वाढत नाही. जुलाब झाले तर ओआरएस आणि 14 दिवस झिंक (सहा महिन्यांपर्यंत 10 मिलिग्रॅम, पुढे 20), आणि स्तनपान चालूच.

स्तनपान किमान वर्षभर चालू ठेवा. थांबवताना एकदम तोडू नका, महिनाभरात एकेक वेळ कमी करा. स्तन तटतटले तर सूज येते आणि अचानक दूध तुटलेल्या बाळाला जुलाब धरतात. आईची टीएलडी आणि बाळाच्या तपासण्या सुरूच राहतात: सहा महिन्यांना, वर्षाला, आणि 18 महिन्यांना अंतिम. स्तनपान त्यानंतरही चालू असेल, तर ते थांबवल्यावर तीन महिन्यांनी आणखी एक. एखादी तारीख हुकली तर 1097 या एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनवर फोन करून जवळचं केंद्र विचारा. हा क्रमांक मोफत आहे.