उरलेलं अन्न वाटताय? या चुका टाळा

एकीकडे अन्न फेकलं जातंय, दुसरीकडे माणसं उपाशी झोपताहेत. मधे एक गाडी आणि चार हात उभे केले की काम झालं, असं प्रत्येक नव्या गटाला वाटतं. अन्न मिळवणं हा यातला सोपा भाग आहे. एकदा नाव झालं की फोन आपोआप येऊ लागतात. गट अडखळतात ते पुढे, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळं काम अन्न देणाऱ्याच्या सोयीने आखलेलं असतं, खाणाऱ्याच्या नाही. खालच्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक तिथूनच निघतात.

अन्न गाडीत चढलं, आता न्यायचं कुठे?

रात्री साडेदहाला फोन येतो, ऐंशी जणांचं जेवण उरलंय. ग्रुपवर उत्साह उसळतो, गाडी निघते, पातेली चढतात आणि मग कोणीतरी विचारतं, ‘कुठे जायचं?’ तोवर ज्यांना द्यायचं ते झोपलेले असतात. गाडी या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर फिरते, पातेलं कोमट होतं आणि शेवटी समोर दिसेल त्याच्या हातात डबा कोंबला जातो. त्याने ते खाल्लं की नाही, हे कोणालाच कळत नाही.

यादी उलट्या बाजूने करा. आधी ठिकाणं, मग दाते. प्रत्येक ठिकाणी फोन उचलणारा एक माणूस हवा आणि त्या ठिकाणाबद्दल काही गोष्टी लिहून ठेवलेल्या हव्यात: साधारण किती जण, किती वाजेपर्यंत जागे, लहान मुलं आणि वृद्ध किती, काय चालत नाही, गरम करायची सोय आहे का. दात्याला ‘येतो’ म्हणायच्या आधी या माणसाला फोन करायचा. त्याने ‘आज नको’ म्हटलं तर दुसऱ्या ठिकाणी. तिथेही नको असेल, तर दात्यालाही नाही म्हणायचं. हे जीवावर येतं, पण वाटपाच्या जागेअभावी अन्न तुमच्या गाडीत नासण्यापेक्षा हे बरं.

याच यादीतून आणखी एक गोष्ट उघडी पडते. सणासुदीला एकाच चौकात तीन-तीन गट पोहोचतात आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी तिकडे कोणी फिरकत नाही. आसपासच्या गटांनी मिळून एक साधं वेळापत्रक ठेवलं तरी हे बरंच सुटतं. कुणाचं नाव मोठं होतं हा प्रश्न मात्र वेळापत्रकाने सुटत नाही, तो आपापसात मिटवावा लागतो.

‘ऐंशी जणांचं’ या आकड्यावरही विसंबू नका. दाता अंदाजाने बोलतो, आणि त्याला जागा रिकामी करायची घाई असते. कोणता पदार्थ, किती पातेली, किती भरलेली, हे विचारा. शक्य असेल तर फोटो मागवा. अमेरिकेतल्या फूड बँका (दानाचं अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्था) १.२ पौंड, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम अन्नाचं एक जेवण धरतात. वजनकाटा असेल तर हा हिशोब हाताशी ठेवायला चांगला. मात्र वीस किलो नुसता भात म्हणजे छत्तीस-सदतीस जेवणं होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

घड्याळ फोनपासून मोजणं

‘आम्ही तर अर्ध्या तासात पोहोचवलं!’ पोहोचवलं असेल, पण अन्न शिजून किती वेळ झाला होता? दुपारी बाराला शिजलेलं, चार तास समोर मांडून ठेवलेलं आणि पाचला तुमच्या हाती आलेलं अन्न तुमच्यासाठी ताजं असलं तरी जंतूंसाठी पाच तासांचं आहे.

जंतू झपाट्याने वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. त्यामुळे दात्याला पहिला प्रश्न ‘किती उरलंय?’ हा नसावा. ‘शिजवून कधी झालं आणि तेव्हापासून कसं ठेवलंय?’ हा असावा. उत्तर गोलमोल आलं तर ते अन्न घेऊ नका. सतत आचेवर किंवा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये राहिलेलं अन्न आणि टेबलावर उघडं राहिलेलं अन्न यांची वेळ सारखी असली तरी अवस्था सारखी नसते.

हे तपासायला सळईचा अन्न-थर्मामीटर लागतो. संपूर्ण गटाच्या खरेदीत याच्याइतकी उपयोगाची वस्तू दुसरी नाही, आणि टी-शर्ट छापून झाल्यावरही अनेक गटांकडे ती नसते. सळई पातेल्याच्या मधोमध खोचायची, कडेला नाही. एका पदार्थातून दुसऱ्यात घालण्याआधी पुसून स्वच्छ करायची. थर्मामीटरच बरोबर आहे का हे पाहायचं तर बर्फ घातलेल्या पाण्यात तो ० अंशांच्या आसपास यायला हवा.

उष्णता धरून ठेवणारी पेटी गरम अन्न गरम ठेवते. कोमट अन्न ती गरम करत नाही, उलट जंतूंना हवं तसं उबदार ठेवते. पेटीत घालताना अन्न चांगलं कढत असलं पाहिजे.

‘वास चांगला येतोय’ आणि ‘उकळलं की झालं’

ही दोन वाक्यं ज्या गटात रोज ऐकू येतात, तिथे आज ना उद्या कोणीतरी आजारी पडणार. आंबूस वास, तार सुटणं, फेस येणं ही अन्न विटल्याची खूण आहे खरी, पण ज्या जंतूंनी माणूस आजारी पडतो ते बऱ्याचदा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. चाखून पाहणं ही तपासणीच नव्हे.

पुन्हा उकळण्याचा मुद्दा जरा सविस्तर समजून घ्यायला हवा, कारण इथे शहाणी माणसंही चुकतात. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू भातात नेहमी सापडतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपं, शिजवण्यातून वाचतात. भात बाहेर निवत राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. नंतर तुम्ही भात कितीही कढवा, जंतू मरतील, पण उलट्या करवणारं ते विष तसंच राहतं. माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विषही असंच उष्णतेला दाद देत नाही. हाताने कालवलेल्या, वाढलेल्या अन्नात तो येतो. म्हणून पुन्हा गरम करताना मधोमध ७० अंशांच्या वर नेणं आवश्यक आहेच, पण ते नीट ठेवलेल्या अन्नासाठी. चार तास उघडं पडलेलं अन्न उकळून शुद्ध होत नाही.

मोठं पातेलं हा दुसरा सापळा. काठोकाठ भरलेलं रश्श्याचं पातेलं झाकण घालून फ्रिजमध्ये ठेवलं, की सगळे निर्धास्त होतात. त्याचा गाभा मात्र कित्येक तास कोमट राहतो आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूला तेच हवं असतं; मांसाचे आणि दाट रश्श्याचे पदार्थ त्याचं आवडतं घर. दुसऱ्या दिवशीसाठी अन्न ठेवायचंच असेल तर पसरट भांड्यांत ५ सेंटिमीटरपर्यंतच्या थरात पसरा आणि वाफ जाऊ द्या. अमेरिकी अन्न संहितेचं मोजमाप असं: ५७ अंशांवरून २१ वर २ तासांत, आणि एकूण ६ तासांत ५ वर. एवढी सोय नसलेल्या गटाने शिजलेलं अन्न रात्रभर ठेवूच नये. उचला, पोहोचवा, संपवा.

सगळंच घेणं

ताटात वाढून परत आलेलं अन्न घ्यायचं नाही, यावर वाद नको. कापून ठेवलेली फळं, दुधाचे आणि क्रीमचे गोड पदार्थ, कच्च्या अंड्याची सॉस, मासे हे थंड साखळी, म्हणजे दात्यापासून खाणाऱ्यापर्यंत सतत थंड ठेवायची सोय, नसेल तर नकोच. पाव, बिस्किटं, अखंड फळं, सीलबंद पाकिटं यांत धोका कमी आणि वेळ भरपूर. नव्या गटाने सुरुवात इथून करावी.

पाकिटांवरच्या तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची आणि दर्जाची तारीख. ती उलटली तरी नीट ठेवलेला कोरडा पदार्थ बहुधा खाण्याजोगा असतो. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची, आणि ती उलटली की विषय संपला. दोन्हींची गल्लत केली की एकतर चांगला माल फेकला जातो किंवा धोक्याचा वाटला जातो. तारीख उलटलेल्या पदार्थांचं दान काही ठिकाणी कायद्यातच बसत नाही, तेही पाहून घ्या.

घराघरांतून डबे गोळा करण्याची कल्पना दर काही महिन्यांनी कोणीतरी मांडतोच. तिच्यामागे तर्क आहे: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं. पण घरातलं शिळं अन्न पन्नास प्रकारचं, पन्नास वेळी शिजलेलं आणि वाटीवाटीने उरलेलं असतं. त्याची ना वेळ कळते ना घटक. घरांकडून कोरडा शिधा घ्या, शिजलेलं नको.

घटकांवरून आठवलं. शेंगदाणा, दूध, अंडी, गहू, सोया, मासे यांची ॲलर्जी गरिबीमुळे नाहीशी होत नाही. पातेल्यावर चिकटपट्टी लावून पदार्थाचं नाव, ठळक घटक, शाकाहारी की मांसाहारी आणि शिजवल्याची वेळ लिहिणं हे मिनिटाभराचं काम आहे. वाटणाऱ्याला ‘यात काय आहे?’ विचारल्यावर ‘माहीत नाही, छान आहे, खा’ हे उत्तर चालणार नाही.

रांग, फोटो आणि आपला आवाज

रांगेत ढकलाढकली होते तेव्हा लोकांना शिस्त नाही असं म्हटलं जातं. कारण बहुतेकदा वेगळं असतं: अन्न पुरेल की नाही हे रांगेतल्या कोणालाच ठाऊक नसतं. किती जणांना पुरेल ते मोजून आधीच सांगा, तेवढे टोकन द्या, बाकीच्यांना तिष्ठत ठेवू नका. म्हातारी माणसं आणि मुलांना घेऊन आलेल्या बाया यांची रांग वेगळी. वेळ पाळा, आठ म्हणजे आठ.

फोटोबद्दल थोडक्यात. हात पुढे केलेल्या माणसाला त्या क्षणी ‘फोटो चालेल का?’ विचारलं तर तो नाही म्हणणार नाही, म्हणून ती परवानगी खरी नसते. दात्याला पुरावा हवा असेल तर भरलेल्या पातेल्यांचा आणि रिकाम्या पातेल्यांचा द्या. अन्नाच्या बदल्यात घोषणा, प्रार्थना किंवा भाषण ऐकायला लावणारा गट वाटप करत नसतो, सौदा करत असतो.

आणि समोरच्याने ‘हे नको’ म्हटलं तर रागावू नका. त्याला दात नसतील, मधुमेह असेल, किंवा नुसतं आवडत नसेल. ‘भुकेला माणूस निवड करत नाही’ हे भरल्या पोटी सुचलेलं वाक्य आहे.

कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला, अगदी खंगलेला माणूस दिसला तर मात्र पोटभर जेवण वाढू नका. उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्ल्याने रक्तातले क्षार ढासळून जिवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरांकडे पोहोचवणं हेच तिथे अन्नदान.

गटातल्या गटात

उलट्या-जुलाब झालेला स्वयंसेवक ‘आता बरं वाटतंय’ म्हणत लगेच वाढायला उभा राहतो. त्रास पूर्ण थांबल्यावर निदान ४८ तास त्याने अन्नापासून लांब राहावं. हातमोजे घालून फोन, पैसे, गाडीचं दार हाताळणारा माणूस धुतलेल्या उघड्या हातांपेक्षा घाण हातांनी वाढत असतो. गरम अन्न वर्तमानपत्रात किंवा पातळ पिशवीत बांधू नका.

सगळं काम एकाच गाडीवाल्याच्या जिवावर चालत असेल तर त्याच्या तापासोबत गटही आजारी पडेल. दुसरी गाडी, दुसरा चालक आणि दात्याचा नंबर ठाऊक असलेला दुसरा माणूस आजच ठरवा.

कायद्याकडे ‘आपण तर पुण्याचं काम करतोय’ म्हणून काणाडोळा होतो. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने प्रामाणिक हेतूने दान करणाऱ्याला संरक्षण दिलं, पण घोर निष्काळजीपणा त्यातून वगळला. फ्रान्सने २०१६ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगं अन्न नष्ट करण्याऐवजी संस्थांशी दानाचे करार करायला लावलं. भारतात उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत. तुमच्याकडे जे लागू असेल ते एकदा नीट वाचा. नोंदणी लागत असेल तर करून टाका.

कोणी आजारी पडलं तर

दडपू नका. त्या खेपेचं उरलेलं सगळं वाटप तिथल्या तिथे थांबवा, आजारी माणसाला दवाखान्यात न्या, त्याच खेपेतून ज्यांना ज्यांना अन्न गेलं त्या ठिकाणांना फोन करा आणि दात्याला कळवा. हे जमायला दोन गोष्टी आधी केलेल्या हव्यात: प्रत्येक खेपेची नोंद (कुठून, काय, शिजल्याची वेळ, उचलताना तापमान, कुठे दिलं) आणि प्रत्येक पदार्थाचा स्वच्छ डबीतला छोटा नमुना, दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये. नोंद नसेल तर दोष कुठे गेला हे शोधता येत नाही आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

दात्याला आकडे न सांगणं

ही चूक चुकीसारखी दिसत नाही. एखाद्या कॅन्टीनमधून दर शुक्रवारी पंधरा किलो भात येतो, गट आभार मानतो, असं वर्षभर चालतं. तुमच्या वहीत तो आकडा आहे, पण स्वयंपाकघराला तो कोणी सांगितलेला नसतो. महिन्यातून एकदा दात्याला एक कागद द्या: कोणत्या वारी, कोणता पदार्थ, किती उरला. बरेच जण तो पाहून शिजवणंच कमी करतात. तुमची शुक्रवारची खेप बंद होईल. तसं झालं की शुक्रवारी ज्या ठिकाणी तो भात जात होता, तिथल्या माणसाला आधी कळवा आणि त्या दिवसासाठी शिध्याची सोय लावा. दाता बदलला म्हणून त्यांचा शुक्रवार कोरडा जाता कामा नये.