जुन्या सिंथचे नवे अवतार: या चुका टाळा

मूग कंपनीच्या मिनिमूग मॉडेल डी या सिंथचं (सिंथ म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, सिंथेसायझर) उत्पादन १९८१ मध्ये थांबलं. रोलंडचा टीबी-३०३ हा बास सिंथ त्याच वर्षी आला आणि १९८४ मध्ये गुंडाळला गेला. आज दोन्ही पुन्हा मिळतात. मूगने मॉडेल डी २०१६ मध्ये आणि परत २०२२ मध्ये काढला. कॉर्गने २०१३ मध्ये एमएस-२० मिनी आणला, सिक्वेन्शलने २०२० मध्ये प्रॉफेट-५. रोलंडची छोटी बुटीक मालिका आहे आणि बेरिंगरने तर जवळजवळ सगळ्याच नामवंत वाद्यांच्या खिशाला परवडतील अशा प्रती बाजारात आणल्या आहेत. वाद्य घरी येतं आणि आठवडाभरात तक्रार ऐकू येते: ‘पीस खराब निघाला.’

बहुतेक वेळा तो खराब नसतो. एकतर जुन्या वाद्याचा स्वभाव नव्यात जसाच्या तसा उतरलेला असतो, नाहीतर जोडणी चुकलेली असते. हा फरक ओळखता आला तर दुकानदाराशी होणारे निम्मे वाद होणारच नाहीत. आणि उगाच झाकण उघडून चांगलं वाद्य बिघडवण्याची वेळही येणार नाही.

खालचा सा धरून ठेवणं

पेटीवर तयार झालेल्या हातांना ही अडचण हमखास येते. डाव्या हाताने खालचा सा दाबून ठेवायचा आणि उजव्या हाताने वर आलाप घ्यायचा, अशी सवय असते. मॉडेल डीवर तसं केलं की वरच्या पट्ट्या मुक्या होतात. फक्त सा वाजत राहतो. लगेच वाटतं की कीबोर्ड गेला.

मिनिमूग एका वेळी एकच सूर वाजवतो आणि दोन पट्ट्या दाबल्या तर खालच्या सुराला मान देतो. शिवाय आधीची पट्टी सोडल्याशिवाय नवी दाबली, तर सूर बदलतो पण आघात नव्याने होत नाही. म्हणजे एन्व्हेलप (सुराचा चढ-उतार घडवणारा भाग) पुन्हा सुरू होत नाही, आणि ज्याला ‘ठोक’ हवी आहे त्याला आवाज दबल्यासारखा वाटतो. १९७० चं वाद्य असंच होतं आणि त्या काळच्या वादकांनी याचाच उपयोग करून घेतला: खालची पट्टी धरून वरची झटकन दाबायची-सोडायची नाही, तर उलट, वरची धरून खालची झटकन छेडायची. मुरकीसारखी जागा आपोआप मिळते.

तरी पेटीचीच पद्धत हवी असेल, तर मॅन्युअलमध्ये ‘नोट प्रायॉरिटी’ शोधा. कित्येक नव्या प्रतींमध्ये शेवटच्या सुराला प्राधान्य देण्याची सोय असते. सा हवाच असेल तर तानपुरा वेगळा लावा, किंवा तीन ऑसिलेटरपैकी (सूर तयार करणाऱ्या भागांपैकी) तिसरा कीबोर्डपासून तोडून त्यालाच षड्जावर बसवा. मॉडेल डीवर त्यासाठी स्वतंत्र स्विच आहे. मात्र तो सूर पट्टी दाबलेली असेपर्यंतच ऐकू येतो, हे लक्षात ठेवा.

सूर सरकला की लगेच पेचकस हातात घेणं

खऱ्या ॲनालॉग ऑसिलेटरचा सूर तापमानाशी बांधलेला असतो. येणारा विद्युत दाब (व्होल्टेज) सुरात बदलण्याचं काम ट्रान्झिस्टरची एक जोडी करते आणि ती जोडी उष्णतेला फार हळवी असते. भरपाईची व्यवस्था सर्किटमध्ये असते, पण आतलं तापमान स्थिर झाल्याशिवाय ती नीट काम करत नाही. म्हणून वाद्य चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा आणि मग सूर लावा. एसी लावायचा असेल तर आधी लावा. एसीचा झोत थेट वाद्यावर येत असेल तर जागा बदला. उकाड्यात लावलेला सूर खोली गार झाल्यावर टिकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यानंतरही सूर बेसूर वाटला तर आधी पाहायचं की बिघाड कोणत्या प्रकारचा आहे. खालचा सा आणि वरचा सा दोन्ही सारखेच उतरलेले असतील, तर समोरचं ट्यूनचं बटण फिरवलं की काम झालं. खाली बरोबर आणि वर जाईल तसतसं अंतर वाढत असेल, तर मात्र सप्तकाची मोजपट्टीच हललेली आहे. ती आतल्या ट्रिमरने (पेचकसाने फिरवायच्या बारीक स्क्रूने) किंवा वाद्यात सोय असेल तर स्वयंचलित कॅलिब्रेशनने बसवावी लागते. हॉटेलात वेटरला विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरू नये, तसं सर्व्हिस मॅन्युअल वाचल्याशिवाय ट्रिमरला हात लावू नये. वॉरंटी असेल तर मुळीच नाही.

रोलंडच्या ज्युनो-१०६ च्या धर्तीवरच्या वाद्यांना हे लागू नाही. १९८४ च्या मूळ ज्युनोमध्येच ऑसिलेटरवर डिजिटल घड्याळाचा ताबा होता, त्यामुळे तो सरकत नसे. आणि नव्या प्रॉफेट-५ वर ‘व्हिन्टेज’ नावाचं एक बटण आहे. ते १ कडे नेलं की वाद्याचे आवाज (एका वेळी वाजू शकणारे स्वतंत्र सूर) मुद्दाम एकमेकांपासून किंचित वेगळे होतात, ४ वर सगळ्यात स्थिर. दुरुस्तीची चौकशी करण्याआधी ते बटण कुठे आहे, तेवढं बघा.

वरच्या सा ऐवजी पंचम येतो

एमएस-२० मिनीला बाहेरचा सिक्वेन्सर (भरून ठेवलेले सूर क्रमाने वाजवणारं यंत्र) जोडणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक आधुनिक उपकरणं दर सप्तकाला एक व्होल्ट या हिशोबाने चालतात: १, २, ३, ४. एमएस-२० चा १९७८ चा हिशोब वेगळा. तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट व्हावं लागतं: १, २, ४, ८. आता सिक्वेन्सरने १ वरून २ व्होल्ट पाठवले तर दोन्ही हिशोब जुळतात आणि वरचा सा बरोबर लागतो. पुढे २ वरून ३ पाठवले की कंपनसंख्या दुप्पट न होता दीडपट होते. दीडपट म्हणजे पंचम. त्यापुढे ३ वरून ४ गेलं तर मध्यमाइतकंच अंतर. पहिलं सप्तक बरोबर आणि पुढचं सगळं आक्रसलेलं, असं ऐकू आलं तर कारण हेच.

ट्रिगरचं, म्हणजे सूर सुरू करणाऱ्या इशाऱ्याचंही तसंच. या वाद्याला सूर सुरू करण्यासाठी धन दाब नको असतो, तार जमिनीला टेकलेली हवी असते. नेहमीचा गेट (पट्टी दाबलेली असेपर्यंत धन दाब देणारा इशारा) जोडला तर उलटा खेळ होतो: पट्टी दाबली की गप्प, सोडली की वाजतो. कॉर्गचाच एसक्यू-१ सिक्वेन्सर हा जुना हिशोब बोलू शकतो. नाहीतर सरळ मिडीने (वाद्यांनी एकमेकांना सूर कळवण्याच्या डिजिटल पद्धतीने) जोडा, त्यात हा प्रश्नच उरत नाही. आणि केबल विकत घेण्याआधी लक्षात ठेवा, मूळ वाद्याचं पॅचिंग (केबलने भाग जोडण्याची सोय) मोठ्या जॅकचं होतं, मिनीचं ३.५ मिलिमीटरचं आहे. वाद्यच मूळच्या ८६ टक्के आकाराचं आहे.

पाच पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे मिडी, असं समजणं

ड्रम मशीन आणि ३०३ च्या कुटुंबात दोन वेगळ्या गोष्टी एकाच रूपात येतात. १९८३ मध्ये मिडी आलं त्याआधी रोलंडची यंत्रं याच पाच पिनांच्या सॉकेटमधून नुसता ठेका एकमेकांना कळवत असत. त्यात सूर नसतात, चॅनेल नसतं. त्या सॉकेटला मिडी केबल लावून ‘रिस्पॉन्सच नाही’ म्हणणं व्यर्थ आहे.

दुसरा घोळ वेगाचा. रोलंडची ही जुनी पद्धत एका मात्रेत २४ ठोके पाठवते, कॉर्गची व्होल्का मालिका दोनच अपेक्षित धरते. २४ वाले ठोके २ वाल्याला दिले, तर तो बारापट वेगाने धावतो. यंत्र वेडं झालंय असं वाटतं, पण दोन्हीकडे फक्त क्लॉकची (ठोक्यांची) सेटिंग जुळवायची असते.

अडॅप्टर बसतो म्हणून लावणं

हे एकच असं प्रकरण आहे जिथे वाद्य कायमचं जाऊ शकतं, म्हणून कृपा करून हलक्यात घेऊ नका. रोलंड आणि बॉसच्या ९ व्होल्ट अडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते. कॉर्गच्या व्होल्का आणि एमएस-२० मिनीच्या ९ व्होल्ट अडॅप्टरमध्ये ती धन असते. बेरिंगरचा मॉडेल डी १२ व्होल्टवर चालतो. प्रत्येक अडॅप्टरवर वाद्याचं नाव लिहून चिकटवा. मधली पिन धन की ऋण ते दाखवणारं गोल खुणेचं चित्र, व्होल्ट आणि ॲम्पियर तिन्ही जुळल्याशिवाय प्लग लावू नका. जपान किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं वाद्य असेल, तर अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलंय का ते पाहा. नसेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो क्षणात जळेल.

धातूच्या पॅनेलला हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात, ही तक्रार आपल्याकडे बरीच. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून अगदी थोडा प्रवाह झिरपतो आणि त्याला जमिनीची वाट मिळत नाही. साखळीतलं एखादं उपकरण, मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा), खऱ्या अर्थिंगच्या तीन पिनांच्या सॉकेटवर असलं की हे थांबतं. जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे तार नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्पीकरमधली गुणगुण थांबवण्यासाठी अर्थची पिन तोडू नका. कधीच.

यूएसबीची किरकिर

माउस हलवला की स्पीकरमध्ये किरकिर, प्रोजेक्ट उघडला की बारीक शिट्टी. सिंथ बदलून काही होणार नाही. कॉम्प्युटर, यूएसबी केबल, सिंथ, ऑडिओ केबल, इंटरफेस आणि पुन्हा कॉम्प्युटर असं वर्तुळ तयार झालेलं असतं. पाच पिनांच्या मिडीने जोडलं तर ते तुटतं, कारण तिथे सिग्नल प्रकाशावाटे ओलांडतो, तारेने नाही. बुटीक आणि व्होल्का बॅटरीवरही चालतात, पण बॅटरी टाकून यूएसबी केबल तशीच ठेवली तर वर्तुळही तसंच राहतं. ऑडिओ केबलच्या मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावणं हाही चांगला उपाय.

३०३ घेतला, पण ‘तो’ आवाज नाही

नुसते सूर भरले तर ३०३ ची कोणतीही प्रत सपाटच वाजते. सगळी जादू ॲक्सेंट (सुरावर जोर) आणि स्लाइडमध्ये (सुरावरून सुरावर घसरत जाण्यात) आहे. ॲक्सेंटने आवाज वाढतोच, शिवाय फिल्टर जास्त उघडून आवाज उजळतो, आणि लागोपाठ ॲक्सेंट दिले तर परिणाम साचत जातो. सगळ्याच सुरांना दिला तर फरक कळेनासा होतो, म्हणून मोजक्या जागी द्या. स्लाइडला सुरांतलं अंतर कितीही असलं तरी साधारण तेवढाच वेळ लागतो. लहान अंतरात ती लाडिक वाटते, सप्तकभर गेली की घसरगुंडी. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन राग ध्वनिमुद्रित केले. या यंत्रातून मींड कशी निघते हे ऐकायचं असेल, तर मराठी कानाला त्याहून जवळचा धडा नाही.

आवाजांची संख्या न पाहता खरेदी

ज्युपिटर-८ चे आठ आवाज, त्याच्या बुटीक अवताराचे म्हणजे जेपी-०८ चे चार. दोन्ही हातांनी भरगच्च स्वरमेळ धरला की आधीचे सूर गळतात. दोन युनिट साखळीत जोडता येतात, पण खर्च दुप्पट. मॉडेल डी, एमएस-२० यांना स्मृतीच नसते, त्यामुळे आवडलेल्या आवाजाचा फोटो काढून ठेवा.

मग खरा बिघाड कसा ओळखायचा

अनेक आवाजांच्या ॲनालॉग वाद्यात एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबा. कित्येक वाद्यांत प्रत्येक दाबाला पुढचा आवाज वापरला जातो. पाच आवाजांच्या अशा वाद्यात दर पाचवा सूर मुका, बेसूर किंवा बोथट येत असेल, तर पाचातला एक आवाज गेला आहे. पट्टी बदलली तरी तोच क्रम राहिला, तर कीबोर्ड निर्दोष. उलट एकच विशिष्ट पट्टी दर वेळी गप्प राहिली पण मिडीवरून तोच सूर वाजला, तर दोष त्या पट्टीच्या संपर्कात. बटण फिरवताना खरखर होत असेल, तर पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या भागात) धूळ किंवा कोकणातल्या पावसाळ्याची ओल. यातलं काही आढळलं तर आवाजासह व्हिडिओ काढा, कितव्या दाबाला काय होतं ते लिहा, आणि तेच सर्व्हिस सेंटरला पाठवा. ‘आवाज नीट येत नाही’ एवढ्या वाक्यावर कुणालाच काही शोधता येत नाही.